पाच तारे आणि आमची खिडकी

(युवक अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मला विषय दिला, 'वीज बचत आणि शासनाच्या योजना'. विषय ऐकून मागच्या बाकावरचे दोघं हसले. हसू द्या. मी पण हसलो असतो. वीज बचत म्हणजे आपल्याला काय माहीत? तर बंगल्यातल्या साहेबाने एसी चोवीसवर ठेवायचा आणि झोपडीतल्या माणसाला सांगायचं, दिवे मालवा, देश वाचवा. अरे, आमच्या आज्याने रॉकेलच्या चिमणीवर जन्म काढला. आमच्या वस्तीत खांब आले तेव्हा गावात वायर जुनी झाली होती. ज्याच्याकडे उधळायला कधी नव्हतंच, त्याला काटकसर काय शिकवता?

हे सगळं खरं हाय. पण हसून विषय सोडला की तो त्यांच्याच हातात राहतो. म्हणून मी सोडणार नाय.

आधी बापाकडे जाऊ. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मजूर खातं त्यांच्याकडे होतं आणि वीज त्याच खात्यात येत होती. आपण पुतळ्यात त्यांच्या हातात संविधान बघतो, ते बरोबरच आहे. पण ह्या माणसाने विजेच्या तारांचाही विचार केला होता. 1943 साली वीजपुरवठ्यावरच्या समितीपुढे त्यांनी मांडलं की गरिबीतून सुटायचं तर उद्योग पाहिजेत, आणि उद्योगाला स्वस्त, भरपूर वीज पाहिजे. म्हणजे वीज हा त्यांच्या लेखी चैनीचा माल नव्हता. ती माणसाला शेणामातीतून वर काढणारी गोष्ट होती, आणि ती कोणाच्या मालकीची असावी हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला होता.

तोच प्रश्न मी आज बचतीला विचारतो. बचत कोणाच्या मालकीची?

मी गोदीत काम करतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या टोळीने एसीच्या पेट्या उतरवल्या. पेट्यांवर तारे छापलेले. कुठे तीन, कुठे पाच. हे तारे 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालच्या सरकारी ब्यूरोचे, 2006 पासून चालू. जास्त तारे म्हणजे कमी वीज. आणि जास्त किंमत, हे पेटीवर लिहीत नाहीत. दिवसभर पाठीवरून तारे वाहिले. रात्री घरी आलो तर आईच्या डोक्यावर तोच जुना पंखा घरघरतोय.

आता हिशेब करा. आपण मॅट्रिक आहोत, एवढा जमतो. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला 30 च्या आसपास. दिवसाला 15 तास फिरला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. घरात दोन पंखे, तर 40. ज्याचं बिल 130 युनिटाचं येतं तो 100 च्या आत, पहिल्या स्वस्त टप्प्यात येतो. साहेबाला 40 युनिट म्हणजे कानावरची माशी. माझ्या आईला तो आठवड्याचा भाजीपाला हाय. पण नवा पंखा जुन्यापेक्षा महाग. म्हणजे ज्याला बचतीची गरज जास्त, त्यालाच बचत परवडत नाय. गरीब माणूस वीज उधळत नाय दोस्तांनो, त्याच्या गळ्यात उधळणारी वस्तू मारलेली असते.

यावर इलाज नाही असं कोणी सांगितलं तर त्याला बल्बची गोष्ट सांगा. एलईडी बल्बचा सरकारी खरेदीचा भाव 2014 साली 310 रुपये होता. सरकारने एकगठ्ठा कोटींनी खरेदी केली, 2015 साली उजाला योजना आणली, आणि 2016 पर्यंत तोच भाव 40 च्या खाली उतरला. लोकांनी बिलातून महिन्याला 10 रुपये भरून बल्ब घेतले. 60 वॅटचं काम 9 वॅटवर आलं. इथे कोणा शेठजीचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं. सरकार गिऱ्हाईक म्हणून बाजारात उभं राहिलं आणि भाव कोसळला. सार्वजनिक ताकद म्हणतात ती ही. पंख्यांसाठीही 2023 साली देशपातळीवर कार्यक्रम जाहीर झाला. आमच्या वस्तीत त्यातला एक पंखा अजून मी फिरताना पाहिला नाही.

आता खिडकीकडे येतो. आजचं माझं खरं बोलणं तेच आहे.

आमची झोपडी गेली, पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळाली. दुसरा मजला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मधे एवढी फट की शेजारणीने हात लांब केला तर मीठ देता येईल. सकाळी दहाला दिवा लावावा लागतो. धाकटी बहीण त्या दिव्याखाली अभ्यास करायची. वर्षभर खोकली, मग डाग निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, वाचली. डॉक्टर म्हणाले, खोलीत ऊन-वारा येऊ द्या. आई म्हणाली, डॉक्टर, कुठून येऊ देऊ?

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 2018 साली पुढे आला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षय जास्त, असं त्यात निघालं.

आता कागदावर काय आहे बघा. 2018 सालीच केंद्राने राहत्या घरांसाठी ऊर्जा संहिता काढली. नाव 'इको निवास संहिता'. मुंबईसारख्या दमट-उष्ण हवेत उघडणारी खिडकी, झरोका, दार मिळून चटईक्षेत्राच्या सुमारे सहाव्या भागाएवढी मोकळीक पाहिजे, असं ती म्हणते. 300 फुटांच्या खोलीला 50 फूट. वाचून बरं वाटतं. पण झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमातच सवलत. एका हाताने खिडकी द्यायची, दुसऱ्या हाताने तिच्यापुढे भिंत उभी करायची. मग त्या अंधारात नऊ वॅटचा सरकारी बल्ब लावायचा आणि अहवालात लिहायचं, बचत झाली. सूर्य चोरला त्याचे युनिट कोणत्या मीटरवर मोजता?

आणि सूर्य विकायलाही निघालाय. छतावरच्या सौर विजेसाठी 2024 पासून केंद्राचं अनुदान आहे, तीन किलोवॅटला 78,000 पर्यंत. 2025 साली राज्याने गरिबांच्या घरांसाठी वरून भर घातली, अनुसूचित जाती-जमातींना ती थोडी जास्त. चांगलं आहे, मी नाकारत नाय. पण त्याला स्वतःचं छत लागतं. भाड्याच्या खोलीतल्याने, चाळीतल्याने, पत्र्याखालच्याने काय करायचं?

तरी एक वाट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. त्याच केंद्राच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये आहेत. आपल्या पुनर्वसन इमारतींत लिफ्ट का बंद असते? सामायिक बिल थकतं म्हणून. म्हातारी माणसं सातव्या मजल्यावर कैद होतात, पोरी पाण्याच्या कळशा जिन्याने चढवतात. ते छत आपलं सगळ्यांचं आहे. लिफ्ट आणि पाण्याचा पंप दिवसा उन्हावर चालला तर बिल निम्म्याने तरी हलकं होईल की नाही, ते इंजिनिअरला बोलावून मांडून घ्या. नुसती बोंब मारून लिफ्ट चालू होत नाय, अर्ज पण लागतो.

काही मित्र म्हणतील, पर्यावरण हा भरल्या पोटाचा धंदा. मी म्हणतो, नाही. मुंबईत दिवा जळतो त्याची राख चंद्रपूरसारख्या ठिकाणी पडते. पृथ्वी तापली तर आधी पत्रा तापतो. आणि पत्र्याखाली कोण आहे, ते मला सांगायला लावू नका.

म्हणून मागणी साधी आहे. ज्यांचा वापर कमी त्यांना चांगला पंखा आधी, बिलातल्या हप्त्यावर. पुनर्वसनाच्या इमारतींत दोन भिंतींतलं अंतर हा ऊर्जेचा आणि आरोग्याचा नियम म्हणून पाळा, त्यात सवलत नको. सामायिक छतावरची वीज आधी लिफ्टला आणि पाण्याला. 1985 पासून राज्यात महाऊर्जा आहे, 2017 पासून राज्याचं ऊर्जा संवर्धन धोरण आहे. आपण भीक मागायला जात नाही, त्यांच्याच कागदाचा जाब विचारायला जातोय.

येत्या रविवारी दुपारी बारा वाजता एक काम करू. प्रत्येकाने आपली एक इमारत घ्यायची. मजल्यामागे किती घरांत भर दुपारी दिवा जळतोय, ते मोजायचं. वहीत लिहायचं. खोली नंबर, दिवा, खोकला. ती वही घेऊन आपण सगळे दारात जाऊ.

तारे आम्ही पाठीवरून वाहिलेत. आता आमचा सूर्य आम्हाला परत पाहिजे.

जय भीम.