झाकणाएवढी बशी



मराठीत ‘तोंडी लावणं’ असा एक सुरेख शब्दप्रयोग आहे. ताटाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं थोडं थोडं वाढायचं. त्यानं पोट भरत नाही, पण जेवण रंगतं ते त्यामुळेच. स्पेनच्या दक्षिणेला सेव्हिल नावाचं शहर आहे. तिथली माणसं संध्याकाळभर जणू ही डावी बाजूच जेवत असतात. त्या खाण्याला म्हणतात ‘तापास’.

‘तापा’ म्हणजे झाकण. ‘तापास’ हे त्याचं अनेकवचन. पूर्वी शेरी या वाइनच्या पेल्यात माशा-चिलटं पडू नयेत म्हणून वर पावाची नाहीतर मांसाची चकती ठेवत आणि पुढे त्या चकतीचीच गोडी लागली, असं तिथले लोक सांगतात. या गोष्टीचे पाठभेद पुष्कळ. एकात तर थेट राजाच येतो. खरं-खोटं काहीही असो, नाव शोभतं. बशी खरोखरच झाकणाएवढी असते.

मी पहिल्यांदा तापास खाल्ले ते मित्रांबरोबर, सेव्हिलमधल्या ‘एल रिंकोन्सियो’ या बारमध्ये. नावाचा अर्थ छोटासा कोपरा. स्थापना १६७० सालची; तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तेच हे साल. छताला हॅम टांगलेले असतात, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांड्या. बरीच माणसं लाकडी काउंटरला टेकून उभ्यानंच खातात. तुम्ही काय मागवलंत त्याचा आकडा वाढणारा माणूस तुमच्यासमोर त्या लाकडावरच खडूनं लिहितो. नवी बशी आली की खाली नवा आकडा. तेच बिल.

मी पालक आणि काबुली चण्यांची भाजी मागवली. तिथे तिला ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ म्हणतात. लसूण घालून, तळलेला पाव कुटून ती दाट करतात. पहिल्याच घासाला जिऱ्याचा वास आला आणि मी थबकलो. घरापासून इतक्या दूर ही ओळखीची चव कुठून आली? उत्तर त्या शहराच्या इतिहासात आहे. ७१२ पासून १२४८ पर्यंत सेव्हिलवर मुसलमानी राजवट होती. पालक स्पेनमध्ये आणला तो अरबांनी. स्पॅनिशमधलं त्याचं नावही अरबीतूनच आलेलं. शेजारच्या बशीत ‘तोर्तिया’ होती, म्हणजे बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट. हा बटाटा दक्षिण अमेरिकेतून जहाजानं आलेला. स्पॅनिशमध्ये तो ‘पताता’. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे ही नावं एकमेकांची भावंडंच. दोन बशांमध्ये जगाच्या दोन दिशा माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या.

पण तापास म्हणजे नुसते पदार्थ नव्हेत, ती खाण्याची रीत आहे. एका ठिकाणी एक-दोन बशा घ्यायच्या, मग चालत पुढच्या ठिकाणी जायचं. रात्रीचं जेवण तिथे नऊनंतरच, त्यामुळे कोणाला घाई नसते. गावोगावी पद्धत थोडी बदलते. ग्रानादात पेयाबरोबर एक तापा आपसूक येतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून वर काडी खोचतात. काही ठिकाणी शेवटी बशीतल्या काड्या मोजून हिशेब करतात. खडूचा आकडा असो की काडी, सगळा व्यवहार विश्वासावर चालतो.

मला जड गेलं ते वेगळंच. बशी एक, आणि काटे चौघांचे. लहानपणापासून उष्ट्या-खरकट्याचे संस्कार झालेले. माझा हात आखडला. बरोबरच्या मित्रांनी काही न बोलता बशी माझ्याकडे सरकवली. अर्ध्या तासात मी अवघडलेपण विसरलो. आपापलं ताट पुढे असलं की नजर ताटात जाते. सामाईक बशी असली की ती समोरच्या माणसाकडे जाते. त्याला अजून मिळालं नाही, हे लगेच दिसतं.

म्हणून सांगतो, कधी असं खायला गेलात तर माणशी एक पदार्थ असा हिशेब धरू नका. दोन-तीन बशा मागवा, त्या संपल्या की पुढचं बघा. ‘तापा’ सर्वांत लहान, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे अर्धी प्लेट, ‘रासिओन’ म्हणजे पूर्ण. शाकाहारी असाल तर ‘सिन हामोन’, म्हणजे हॅम नको, हे आधी सांगा. टोमॅटोच्या गार, दाट ‘साल्मोरेहो’वरही हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात. मांस-मासे चालतच नसतील तर तेही स्पष्ट सांगा. तोर्तियात अंडं असतं, पण मीठ लावून तळलेल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या खुशाल मागवा. बहुतेक गोड लागतात, मधूनच एखादी झणका देते.

बशीत शेवटचा तुकडा उरतो, तेव्हा मात्र सगळे काटे थांबतात. स्पेनमध्ये त्याला ‘लाजेचा’ तुकडा म्हणतात. तो कोणीच उचलत नाही. त्या संध्याकाळी एक क्रोकेता, म्हणजे छोटी तळलेली वळकटी, उरली होती. ‘तू घे’, ‘नको, तूच घे’ असं चौघांत सुरू झालं आणि मला आमच्या घरची पंगत आठवली, आईचा आग्रह आठवला. शेवटी आम्ही तिचे चार तुकडे केले. वाढणाऱ्यानं खडूच्या आकड्यांची बेरीज केली, पैसे घेतले आणि ओल्या फडक्यानं लाकूड पुसून टाकलं. लगेच आमच्या जागी दुसरे चौघे येऊन उभे राहिले.