नाग कोण होते?



‘नाग’ म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे फणाच उभा राहतो. महाभारतात खांडववन जाळले जाते, जनमेजय सर्पसत्र मांडतो आणि नागांची कुळे आगीत पडतात. कथा सांगणारे दुसरे, जळणारे मुके. एकदा माणसाला सर्प ठरवले की मारणाऱ्याला पाप लागत नाही!

हे चित्र बाबासाहेबांनी उलटे केले. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाग आणि द्रविड हे एकच लोक असल्याचे मांडले. 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना, बौद्ध धम्म पसरविणाऱ्या नाग लोकांचीच आठवण त्यांनी दिली.

आम्ही बँकेतली माणसे. व्हाऊचर पाहिल्याशिवाय नोंद करीत नाही. म्हणून पुरावा पाहू. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात त्याने उखडून टाकलेल्या राजांमध्ये गणपतिनाग आणि नागसेन ही नावे आहेत. राजे सापांशी लढाया करीत नाहीत. भारहुतच्या शिल्पात एरापत नागराज भगवंताला वंदन करतो, असे तिथेच कोरलेले आहे. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा राणीसह बसला आहे. मस्तकामागे फणा आहे, पण चेहरा शांत, माणसाचा आहे.

यावरून आपण थेट त्यांचेच वंशज ठरतो का? याबाबत इतिहासकारांत एकमत नाही. विद्यार्थ्यांनी हे न घाबरता सांगावे. खऱ्या गोष्टीला फुगवण्याची गरज नसते.

आणखी एक सावधगिरी. ईशान्येकडील नागा हे वेगळे लोक आहेत. त्यांच्यात अनेक जमाती, अनेक भाषा आहेत. इंग्रज अमदानीत त्यांनाही ‘मुंडकी कापणारे’ एवढ्याच ओळखीत कोंबले गेले. केवळ नावाच्या साम्यावरून आपण त्यांना आपल्यात ओढले, तर आपणही त्यांची ओळख परस्पर ठरवणारेच होऊ.

1924 साली परळच्या दामोदर हॉलमधील सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. ‘शिका’ हा आपला पहिला मंत्र. तेव्हा विद्यार्थ्यांनो, लेणी पाहायला जाल तेव्हा नुसते फोटो काढून परतू नका. शिलालेख वाचायला शिका. आपली ओळख दुसऱ्याने लिहावी, ही पाळी पुन्हा आपल्यावर येऊ देऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!