परदेशातील विद्यार्थ्याचा आठवडा



परदेशी शिकायला गेलेले मूल नुसते फिरते, असा आपला समज असतो. युरोपातील विद्यापीठांत वर्षाला ६० श्रेयांक मिळवावे लागतात; एका श्रेयांकामागे किमान २५ तासांचा अभ्यास. म्हणजे दीड हजार तास! इटलीतील बोलोन्याच्या विद्यार्थ्याचे पाच दिवस वर्गात आणि ग्रंथालयातच जातात. याच विद्यापीठात इब्न सीना यांचा वैद्यकग्रंथ शतकानुशतके शिकविला गेला. शनिवारी तो रेल्वेने फ्लॉरेन्सला जातो आणि पुस्तकात वाचलेली गॅलिलिओची दुर्बीण प्रत्यक्ष पाहतो. हाही अभ्यासच.

२००४ पासून इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळते. पालकांनो, ‘मुलगी एकटी कशी जाईल?’ म्हणून तिचा अर्ज अडवू नका.