वाड्याच्या जागी फ्लॅट : करारात लिहायची राहून जाणारी गोष्ट

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू मार्ग-मकान खात्यात आहेस, सिव्हिलचा डिप्लोमा केलायस, वाड्यांच्या पुनर्विकासाबद्दल लोकांना चार उपयोगी गोष्टी सांग." त्या सांगणारच आहे. पण सुरुवात अशा प्रसंगापासून करतो, जो सांगताना मला आजही संकोच वाटतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी तीनच्या सुमारास, दांडिया बाजारातल्या आमच्या खांच्यात शेजारच्या काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं. काकू पडल्या, मनगट मोडलं. त्या ओरडल्या. पण ऐकणार कोण? खांच्याच्या एका बाजूला नवी पाच मजली इमारत, तिचा तळमजला म्हणजे नुसतं पार्किंग. दुसऱ्या बाजूला दोन वाडे, दोन्हींना कुलपं. धावत आली ती आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी दोन मुलं. कलाभवनात शिकायला आलेली, परप्रांतातली. त्यांनीच काकूंना उचललं, रिक्षात घातलं आणि सयाजी हॉस्पिटलात नेलं.

संध्याकाळपर्यंत खांच्यात कुजबुज सुरू झाली. "बाहेरची पोरं आहेत, त्यांनीच टीप दिली असेल." पोलीस आले. त्यांनी मला साधा प्रश्न विचारला, "भाडूत नोंदवल्याचा फॉर्म कुठे आहे?" माझ्याकडे अकरा महिन्यांचा करार होता, त्यावर स्टॅम्प होता, डिपॉझिट घेतलेलं होतं. फॉर्म भरलेला नव्हता. पोलीस कमिशनरच्या जाहीरनाम्याप्रमाणे भाडूत ठेवला की ठाण्यात माहिती द्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. आळस केला, एवढंच. माझ्या आळसापायी ती दोन मुलं रात्री दहापर्यंत चौकीत बसून राहिली. त्यांच्याविरुद्ध काहीच निघालं नाही. महिनाअखेर त्यांनी खोली सोडली. जाताना मोठा एवढंच म्हणाला, "अंकल, इथं आम्हाला कुणी ओळखतच नव्हतं."

चोर सापडले नाहीत. पण त्या मुलाचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आज मला जे सांगायचंय ते त्या वाक्यातच आहे. वाडा पाडून फ्लॅट बांधताना आपण चौरस फूट मोजतो, भाव मोजतो. ओळख कुणी मोजत नाही. आणि चोरी बहुतेक वेळा तिथेच होते, जिथे कोण आपला आणि कोण परका हे कुणाला सांगता येत नाही.

आता आपण इथवर कसे आलो ते थोडक्यात पाहू.

आपली घराणी गायकवाडांबरोबर इथे आली. कुणी शिलेदार, कुणी कारकून, कुणी पुजारी. वाडे बांधले, पुढे कुटुंबं वाढली, खोल्या भाड्यानं दिल्या. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आपल्याकडे आला. १९६०ला गुजरात वेगळं झालं तरी तो कायदा राहिला. या कायद्याचा हेतू चांगला होता. महायुद्धानंतर शहरांत जागा नव्हत्या, मालकांनी वाटेल ते भाडं मागू नये म्हणून १ सप्टेंबर १९४०चं भाडं हा पाया धरला. भाडूत वाचला. पण भाडं तिथेच गोठलं आणि चुन्याचा, सागाचा, मजुरीचा भाव गोठला नाही. चाळीस रुपये भाडं घेणारा मालक चाळीस हजारांची तुळई कुठून बदलणार? मालक दुरुस्ती करत नाही, आणि भाडूत म्हणतो घर माझं नाही. दोघांच्या मध्ये वाडा कुजत जातो.

कुजतो कुठे, तेही सांगतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. वाड्याचा सांगाडा सागाचा असतो, भिंती विटांच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या. साग सहजासहजी दगा देत नाही. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं, तिथे पाणी मुरलं की ते आतल्या आत सडतं, आणि वरून रंग शाबूत दिसतो. मागाहून माडीवर काढलेल्या संडास-बाथरूमची गळती हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. तेव्हा ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी पावसाळ्याआधी भिंतीची ओल पाहावी, तुळईच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. सहज आत गेला तर जाणकाराला बोलवा. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येईपर्यंत थांबू नका. ती नोटीस आली की सौद्याची सूत्रं आपल्या हातात राहत नाहीत.

दुसऱ्या बाजूनं भाव चढत गेले. १९४९ला विद्यापीठ झालं. साठच्या दशकात खत कारखाना आला, कोयलीची रिफायनरी आली. शहर पश्चिमेकडे पसरलं, आपली मुलं तिकडे बंगल्यात गेली, पुण्याला गेली, परदेशी गेली. जुन्या गावात राहिली म्हातारी माणसं आणि कुलपं. आता तीच जागा पुन्हा हवीशी झाली आहे. स्टेशन जवळ, बाजार जवळ, कलाभवन जवळ, सूरसागराकाठी संगीताचं कॉलेज. ज्या खोलीचं जुनं भाडं चाळीस रुपये, तिच्या शेजारच्या नव्या फ्लॅटमधल्या एका कॉटला विद्यार्थ्याकडून काही हजार मिळतात. मग मालकाला जुना भाडूत डोळ्यांत खुपू लागतो, आणि बिल्डर सांगतो, "जागा मोकळी करून द्या, भाव वाढवून देतो." "मोकळी" म्हणजे काय, ते आपल्या सगळ्यांना कळतं.

मुंबईच्या गिरणगावात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक लालबाग-परळला होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली. एक भाग मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ला त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त गिरणीच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ला सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, चाळीतली कितीतरी माणसं डोंबिवली-बदलापूर-विरारला गेली. मधल्या काळात काम नसलेल्या पोरांना टोळ्यांनी जवळ केलं, हेही आपण वर्तमानपत्रांतून वाचलं. जमिनीचा हिशेब नियमात लिहिला गेला. चाळीतल्या शेजाराचा हिशेब कुठेच लिहिला गेला नाही.

शेजार म्हणजे नुसती भावना नव्हे, ती राखण आहे. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ला शहरांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर नजर असलेले लोक. दुकानदार, खिडकीतली बाई, ओट्यावरचा म्हातारा. आपल्या आजोबांना हे पुस्तक वाचायची गरज पडली नाही. ते संध्याकाळी ओट्यावर बसत आणि खांच्यात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला विचारत, "कुणाकडे?" माझ्या लहानपणी आमच्याच खांच्यात सायकल चोरणारा एकजण या एका प्रश्नानं पकडला गेला. त्याला उत्तर देता आलं नाही! आज ओट्याच्या जागी पार्किंग आहे आणि आजोबांच्या जागी कॅमेरा. कॅमेरा जरूर लावा. पण तो चोरी झाल्यावर कामाला येतो. "कुणाकडे?" तो विचारत नाही.

आता उपयोगाच्या गोष्टी. ज्यांच्या दाराशी बिल्डर येऊन गेला आहे, त्यांनी नीट ऐकावं.

पहिली. रेरा कायदा, २०१६. त्यात ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. आपले बहुतेक वाडे याच मापात बसतात. म्हणजे जिथे कायद्याचा आधार सगळ्यात जास्त हवा, तिथेच ती नोंदणी नसते. मग जे रेरात आहे ते आपण आपल्या करारात लिहून घ्यायचं.

दुसरी. करार नोंदणीकृतच करा. नुसत्या नोटरीवर आणि "घरचेच आहेत" यावर जाऊ नका. कार्पेट क्षेत्रफळ लिहा, बांधकामाची मुदत लिहा, मुदत टळली तर दरमहा काय मिळणार ते लिहा, बाहेर राहण्याचं भाडं कोण देणार ते लिहा. कुलमुखत्यारपत्र देताना अधिकार नेमके आणि मोजके द्या. रजाचिठ्ठी मंजूर झाल्याशिवाय घर सोडू नका, आणि बी.यू. परवानगी आल्याशिवाय राहायला जाऊ नका.

तिसरी. वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड आजच काढून पाहा. पुष्कळांच्या कार्डावर अजून पणजोबांचं नाव आहे. वारसांची नावं लागलेली नसली तर सौद्याच्या वेळी भावाभावांत भांडणं होतात, आणि त्या भांडणाचा फायदा तिसरा घेतो.

चौथी. जुन्या भाडुताचं नाव करारात घाला. भाडूत असाल तर भाड्याच्या पावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड जपून ठेवा, आणि जागा सोडण्यापूर्वी नव्या इमारतीतल्या हक्काबद्दल लेखी घ्या. तोंडी शब्दावर बाहेर पडलेला भाडूत परत आलेला मी फार क्वचित पाहिला आहे.

पाचवी, आणि ही कुठल्याच वकिलाच्या नमुन्यात नसते. नकाशा ठरताना बिल्डरकडे मागणी करा की तळमजल्याला रस्त्याच्या बाजूनं एक-दोन दुकानं किंवा निदान बसायला एक ओटा हवा. सगळाच तळमजला पार्किंगला देऊ नका. जिथे माणूस बसतो तिथे नजर असते.

गुन्ह्यांबद्दल दोनच वाक्यं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे, तेव्हा "जाऊ दे, काय मिळणार" असं म्हणू नका, ११२ला फोन करा आणि तक्रार नोंदवा. आणि घरात भाडूत ठेवलात तर त्याची माहिती ठाण्यात द्या. तो फॉर्म त्याच्यावर संशय घेण्यासाठी नाही. अडचणीच्या दिवशी "हा मुलगा माझा भाडूत आहे, मी याला ओळखतो" असं सांगता यावं म्हणून तो भरायचा. मी तो भरला नाही, आणि माझ्या दारातल्या दोन भल्या मुलांना चौकीत बसावं लागलं.

शेवटी आमच्या वाड्याचं सांगतो. आम्ही चार चुलतभाऊ. बिल्डरचा प्रस्ताव दीड वर्षापासून घरात आहे. मागच्या दोन खोल्यांत एक मावशी राहतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. भाडं चाळीस रुपये, आणि ते दर महिन्याला पाच तारखेला देवाजवळ आणून ठेवतात. मावशी बाहेर पडल्या तर आमच्या वाट्याला चांगली रक्कम जास्त येते. खोटं बोलत नाही, सुरुवातीला मलाही ते पटलं होतं. माझ्या मुलीच्या शिक्षणाचा हिशेब मीही त्यात बसवला होता. काकूंच्या त्या प्रसंगानंतर मी घरात सांगितलं की मावशींची खोली करारात लिहिल्याशिवाय माझी सही होणार नाही. दोन भाऊ नाराज आहेत, एक बोलत नाही. करार अजून झालेला नाही. काय होईल ते मला आज सांगता येत नाही. पण दुपारी तीन वाजता त्या खांच्यात कुणी जागं असतं तर त्या मावशीच, हे मला ठाऊक आहे.

आणि मंडळाला एक विनंती. आपल्याकडे एक जुनी चांगली वस्तू आहे, वर्गणीची वही. पूर्वी कार्यकर्ता वही घेऊन प्रत्येक दारात जायचा, आणि दहा दिवसांत सगळ्या खांच्याची त्याला ओळख व्हायची. आता आपण नव्या इमारतीच्या चेअरमनकडून एकरकमी चेक घेतो आणि परत येतो. या वर्षी तसं करू नका. प्रत्येक मजल्यावर जा, पीजीतल्या मुलांच्या दारावर थाप मारा. अकरा रुपये दिले तरी पावती फाडा, नाव विचारा, फोन नंबर घ्या आणि आरतीला बोलवा. पुढच्या वर्षी त्या मुलांपैकी कुणी "आम्हाला इथं कुणी ओळखत नाही" असं म्हणता कामा नये.

वाडे फार दिवस राहणार नाहीत. लाकूड कुजतं, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवानं सांगतो. पण "कुणाकडे?" हा प्रश्न आणि त्याला उत्तर देणारी माणसं आपण नव्या इमारतीत नेऊ शकतो. त्याला एफ.एस.आय. लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!