लेखकाचा दिनक्रम आणि वाचकाचे ऋण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही पडलो केवळ मॅट्रिक झालेले शाळामास्तर. खडू, फळा आणि वह्यांचे गठ्ठे यांपलीकडे आमच्या खाती काही जमा नाही. परंतु मराठीचा तास घेताना मुले एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारीत : “गुरुजी, गोष्टी लिहिणारे लोक दिवसभर करतात तरी काय?” आज त्या प्रश्नाचाच विचार आपणांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

कथाकादंबरीकारांविषयी आपल्या घरांतून दोन समजुती आढळतात. तरुणांना वाटते की, लेखक स्फूर्तीची वाट पाहत बसतो आणि ती आली की ग्रंथ आपोआप लिहून होतो. वडीलधाऱ्यांना वाटते की, हा सारा रिकामपणाचा उद्योग आहे. या दोन्ही समजुती किती पोकळ आहेत, हे पाहावयाचे तर कै. हरि नारायण आपटे यांच्या चरित्राकडे पाहावे.

हरिभाऊंचा जन्म 1864 साली खानदेशात पारोळे येथे झाला आणि 1919 साली ते निवर्तले. म्हणजे आयुष्य अवघे पंचावन्न वर्षांचे. ते मॅट्रिक झाले, महाविद्यालयातही गेले, परंतु पदवी काही त्यांच्या हाती आली नाही. म्हणून त्यांचे वाचन थांबले नाही आणि लेखणीही थांबली नाही. विशीतच त्यांनी ‘मधली स्थिती’ ही कादंबरी लिहावयास घेतली व ती 1885 साली ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. पुढे 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालविले.

साप्ताहिक चालविणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. वार ठरलेला, पाने ठरलेली. मजकूर वेळेवर छापखान्यात गेला पाहिजे, कारण तेथे खिळे जुळविणारी माणसे खोळंबलेली असत. मग मुद्रिते तपासावयाची, चुका काढावयाच्या आणि अंक टपालात पडतो न पडतो तोच पुढच्या अंकाची चिंता सुरू. ग्रंथ लिहिणाऱ्यास शेवट बदलला तर आरंभ दुरुस्त करता येतो. क्रमशः लिहिणाऱ्यास ती सोय नाही. गेल्या अंकातले प्रकरण घरोघर पोहोचलेले असते, ते माघारी कसे घ्यावयाचे? हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, असा आक्षेप टीकाकार घेतात. तो खोटा नाही. त्यांचे काही लेखन अपुरेही राहिले. परंतु तो पाल्हाळ ज्या लेखणीतून झाला, तिला आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

आणि हरिभाऊंस काय तेवढेच काम होते? त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन त्यांजकडे होते. जुने संस्कृत ग्रंथ शोधून, तपासून छापणारी ही संस्था. शिवाय पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते व पुढे अध्यक्षही झाले. 1912 साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. अशा धकाधकीतून ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या निघाल्या आणि ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणून सामाजिक कादंबऱ्यांची मालिकाही निघाली. स्फूर्ती असेलच, परंतु ती नित्य बैठकीच्या पाठीमागून आली.

आता वाचकांकडे वळू. ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी येऊ लागली, तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा 1891 साली झाला. सभांतून आणि वृत्तपत्रांतून पुरुषमंडळी हमरीतुमरीवर आली होती. ज्यांच्याविषयी हा वाद, त्या बायकांना मात्र कोणी विचारीत नव्हते. अशा वेळी हरिभाऊंनी यमू नावाच्या मुलीस बोलते केले. तिचे माहेर, तिचे सासर, तिचे वैधव्य, तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन, हे सारे तीच सांगते. सभेतील व्याख्यान ऐकून मनुष्य वाद घालतो. परंतु घरात आठवड्यामागून आठवडे येऊन बसणाऱ्या मुलीशी वाद कसा घालावा? पुढचे प्रकरण येईपर्यंत तिची काळजी वाहावी लागते. क्रमशः लेखनाचे खरे बळ हेच. ज्या घरात लेखकाचा हा प्रश्न विचारला जाई, त्याच घरात बहुधा त्याचे उत्तरही उभे असे.

हरिभाऊंच्या स्नेहीमंडळींत काशीबाई कानिटकर होत्या. लग्नानंतर, घरच्यांची बोलणी सोसून, पतीच्या प्रोत्साहनाने त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. हरिभाऊंशी त्यांचा साहित्याविषयी पत्रव्यवहार होता. त्यातील पत्रे पुढे प्रसिद्धही झाली. लेखक आणि वाचक यांचे नाते कोठवर जाऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. चांगला वाचक केवळ स्तुती करीत नाही. तो विचारतो, शंका काढतो आणि कधी स्वतःच लेखणी उचलतो.

ज्ञातिबांधवहो, हे सारे येथे सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, आपल्याही घरांत लिहिणारी मुले-मुली आहेत, सुना आहेत. परीक्षेत पहिला आलेल्याचा आपण सत्कार करतो, व्यापारात नाव काढणाऱ्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापतो. ते योग्यच आहे. परंतु घरची सून रात्री सारे आवरून चार ओळी लिहू लागली, तर “आता दिवा मालवा” असे म्हणणारे आपणच असतो. आम्ही फार मोठे मागणे मागत नाही. तिला एक कोपरा द्यावा, दिवसाचा एक तास द्यावा आणि त्या तासात कोणी हाक मारू नये. हाती फोन आला तरी लिहिण्यास लागणारी ही निवांत घटका काही फोनमध्ये मिळत नाही.

वाचकांसही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पुस्तक आवडले तर ते विकत घ्यावे. मागून आणलेल्या पुस्तकाने लेखकाच्या घरची चूल पेटत नाही. आणि वाचून झाल्यावर लेखकास चार ओळी कळवाव्यात. “छान आहे” एवढ्याने भागत नाही. कोणते पात्र मनात राहिले, कोठे पटले नाही, ते लिहावे. एकट्याने टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसास आपले बोलणे कोणा घरापर्यंत पोहोचले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. गोष्टी लिहिणारा मनुष्य दिवसभर इतरांप्रमाणेच कामे करतो आणि त्यातून वेळ काढून रोज लिहावयास बसतो. त्या कादंबरीच्या नावातच हरिभाऊंनी एक प्रश्न विचारून ठेवला आहे. “आम्ही लक्षात घेतो,” असे उत्तर आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक घरातून यावे, एवढीच आमची इच्छा आहे.