फोटो कुणाचा?

रोलच्या कॅमेऱ्याचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. लग्नाचा अल्बम घरी यायचा, निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच राहायची. दोन वर्षांनी मामांना एखादी कॉपी हवी असली, की स्टुडिओची पायरी चढावी लागे. पाकिटावर नंबर, पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या आणि ते पाकीट फोटोग्राफरच्या कपाटात. नकला तेव्हाही होत. छापलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढणारे लोक होतेच. पण तशी कॉपी काळवंडायची, चेहरे पुसट व्हायचे आणि ही नक्कल आहे हे कुणीही सांगू शकायचं. निगेटिव्ह हेच कुलूप होतं. ते कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं, धंद्याच्या पद्धतीतच ते आलेलं होतं.

डिजिटल कॅमेरा आला आणि हे कुलूप गेलं. फाइलची कॉपी मूळ फाइलइतकीच चांगली असते. दहावी तशीच आणि हजारावीही तशीच. गिऱ्हाइकाच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला, की फोटोग्राफरकडे जे आहे ते सगळंच त्याच्या हातात गेलं.

आमच्या धामणगाव रेल्वेला माझ्या शेजारच्या एका मुलाचा छोटा स्टुडिओ आहे. एरवी पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, लगीनसराईत लग्नाच्या ऑर्डरी. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत. एका लग्नाचे चौदाशे फोटो त्यानं निवडीसाठी म्हणून पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले. मंडळींनी निवड केली, पण अल्बम बाहेरगावी स्वस्तात करून घेतला आणि याची बाकी राहिली ती राहिलीच. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, तुमच्या कविता लोक चोरत नाहीत काय? मंग तुमी काय करता?"

प्रश्न गमतीचा नव्हता. कवीपाशी याचं एक जुनं उत्तर आहे, नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो. तो शेरात असा विणलेला असतो, की काढू गेलं तर वृत्तच मोडावं. तरीही चोर थांबत नाही. तुकोबांच्या अभंगांवर आपलं नाव घालून मिरवणारा सालोमालो वारकरी परंपरेला ठाऊक आहे, आणि प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटानं तो घराघरांत पोचवला. फोटोवरचा वॉटरमार्क ही आजची नाममुद्राच आहे. कोपऱ्यात बारीक नाव टाकलं तर ते कात्रीनं कापावं तसं कापता येतं. आडवं, मधोमध, चेहऱ्यांवरून फिकट टाकलं तर काढणं जड जातं. अशक्य नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनीच दाखवून दिलं, की शेकडो फोटोंवर एकच खूण त्याच साच्यात असेल तर संगणक ती खूण शिकतो आणि सगळ्या फोटोंवरून पुसून टाकतो. दर फोटोगणिक खुणेचा आकार किंचित वेडावाकडा केला, तर त्याला ते कठीण जातं, हेही त्यांनीच सांगितलं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तर एकाच फोटोवरची खूणसुद्धा पुसतात.

बाकीच्या कुलपांचीही तीच गत. फोल्डरला पासवर्ड लावला, तर फोल्डरबरोबर पासवर्डही नातेवाइकांत फिरतो. गूगल ड्राइव्हवर डाउनलोड बंद करण्याची सोय आहे, पण पडद्यावर दिसलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट कोण अडवणार? कॅमेऱ्याच्या मेनूत आपलं नाव भरून ठेवता येतं, म्हणजे ते प्रत्येक फाइलच्या पोटात आपोआप जातं. ते जरूर भरावं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला तर ही पोटातली माहिती गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, मग मोठ्या आकाराचा अख्खा फोटोही समोरच्याला मिळतो.

मला विचाराल तर त्या मुलाची खरी ढाल आकाराची आहे. निवडीसाठी फोटो छोटे करून द्यावेत, लांब बाजू १२०० पिक्सेलची. मोबाइलवर ते छान दिसतात, आजीलाही ओळखू येतात. पण अल्बमच्या १८ इंची पानावर छापायला घेतले तर इंचाला जेमतेम ६७ ठिपके येतात, आणि चांगल्या छपाईला ३०० लागतात. संगणकावर फोटो फुगवता येतो म्हणा, पण मग आजीच्या सुरकुत्या गुळगुळीत होतात आणि ती कुणा दुसऱ्याचीच आजी दिसू लागते. दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यातून निघणारी कच्ची फाइल, जिला रॉ फाइल म्हणतात, ती जपून ठेवावी. तिच्यापासूनच बाकीचे फोटो तयार होतात, म्हणून निगेटिव्हची जागा आज थोडीफार तिच्याकडे आली आहे. फोटो मी काढला हे सिद्ध करायची वेळ आली, तर ती उपयोगी पडते. कॅमेऱ्यातलं घड्याळ मात्र बरोबर लावलेलं असावं.

इथवर मी सगळं फोटोग्राफरच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू. माझ्या नात्यातल्या एका मुलीचा निकाह झाला. बायकांच्या बैठकीतले तिचे फोटो महिन्याभरानं दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओच्या जाहिरातीत दिसू लागले. कुणी विचारलं नव्हतं, कुणी होकार दिला नव्हता. मुलीच्या वडिलांनी फोन केला तर उत्तर आलं, "फोटो मी काढलाय, तो माझा आहे." घरात आठ दिवस नीट जेवण झालं नाही. फोटो चोरीला जातो म्हणतो आपण, पण तो फोटोग्राफरच्याच हातून गेला तर त्याला काय म्हणायचं? आणि पडद्याचाच प्रश्न आहे असं समजू नका. हळदीतले आपल्या लेकीचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर कुणाला आवडतील?

मी वकील नाही, साधा बी. ए. झालेला माणूस आहे. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. त्यातलं कलम १७ फार थोड्या लोकांना माहीत आहे. सर्वसाधारण नियम असा, की फोटो काढणारा हाच त्या फोटोचा कर्ता आणि कॉपीराइटचा पहिला मालक. बहिरमच्या जत्रेत स्वतःच्या हौसेनं काढलेला फोटो फोटोग्राफरचाच. २०१२ च्या दुरुस्तीपासून त्याचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पण मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन फोटो काढवून घेणारा. म्हणजे लग्नाची ऑर्डर घेतली, कागद काहीच केला नाही, तर ते फोटो कायद्यानं त्या कुटुंबाचे. "मी काढलाय म्हणून माझा" हे तिथं टिकत नाही.

आपल्या फोटोग्राफरांची गफलत कुठून होते, हेही मला उमगलं. ते इंटरनेटवर परदेशी सल्ले वाचतात. इंग्लंडमध्येही पूर्वी ऑर्डर देणाराच मालक असे. १९८८ च्या कायद्यानं तिथं हक्क फोटोग्राफरकडे गेला, पण त्याच कायद्यात घरगुती कामासाठी काढवून घेतलेले फोटो लोकांपुढे जाऊ न देण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला. आपल्याकडे जुनी तरतूद अजून कायम आहे. त्यामुळे तिकडचे नमुने इथं तसेच उतरवले, तर हात दाखवून अवलक्षण.

गिऱ्हाइकानंही यातून भलता अर्थ काढू नये. कॉपीराइट तुमचा म्हणजे मजुरी बुडवायची मुभा नव्हे. बाकी ती बाकीच. शिवाय कलम ५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे गेला तरी 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. फोटोखालचं त्याचं नाव खोडून दुसऱ्याचं टाकणं हा सालोमालोचाच प्रकार झाला.

या कलमातले 'उलट काही ठरलेलं नसेल तर' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. कायदा सांगतो, आधी ठरवा. आणि आपल्याकडे बयाणा घेताना तारीख आणि रक्कम सोडून काहीच ठरत नाही! म्हणून त्या मुलाला म्हटलं, कुलपं राहू दे, तुझं बिलबुक घेऊन ये. एरवी लोक माझ्याकडे पत्रिकेसाठी शेर मागायला येतात. या वेळी बिलासाठी चार ओळी लिहिल्या.

पहिली ओळ, निवडीसाठीचे फोटो छोटे आणि नावाची खूण असलेले मिळतील, पूर्ण आकाराचे फोटो बाकी चुकती झाल्यावर. दुसरी, पूर्ण फोटो मिळाल्यावर घरच्यांनी ते कुठंही छापावेत, वाटावेत, स्टुडिओची हरकत नाही. ही ओळ त्याला आधी रुचली नाही. पण पैसे मिळाल्यावर हरकत कशाची? अल्बमचं काम आपल्याचकडे यावं असं वाटत असेल, तर त्याचा दर आधीच ठरलेल्या रकमेत धरावा, फोटो अडवून तो वसूल करू नये. तिसरी, स्टुडिओ नमुना म्हणून यातले फोटो दाखवू शकेल. चौथी, फोटो स्टुडिओत एक वर्ष जपले जातील, पुढे जबाबदारी नाही. ही ओळ स्टुडिओच्या फायद्याची आहे, कारण हार्ड डिस्क कधी बसेल याचा नेम नसतो आणि लोक पाच वर्षांनी येऊन फोटो मागतात. खाली दोघांच्या सह्या. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला दाखवून घे, हेही सांगितलं.

त्यानं बिलबुक छापून आणलं. पहिलंच गिऱ्हाईक एका मुलीचे वडील होते. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या आणि तिसरीवर बोट ठेवून म्हणाले, "हे नाई जमनार." मुलानं ती ओळ खोडली, आणि खोडलेल्या जागी दोघांनी सही केली.