घरातला मार आणि पुढचा संसार

(महोत्सवानिमित्त कॅम्प येथील सभेत झालेले भाषण)



महोत्सवात संस्थेचे गुणगान व्हावे हा शिरस्ता आहे, आणि ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी यथास्थित केले आहे. मला विषयाची मोकळीक दिलीत, तेव्हा एरवी आपण 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून जो झाकून टाकतो, तोच विषय घेतो.

लहानपणी आईला मार खाताना पाहिलेला मुलगा पुढे बायकोला मारीलच असे नाही. पुष्कळदा तो हात उचलीत नाही, आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. पण ती कोठे गेली, कोणाशी बोलली, माहेरी किती दिवस राहिली, जवळ पैसे किती, याचा हिशेब तो मागतो. साखरपुडा झाल्या दिवसापासून मोबाईलवर 'आता कोठे आहेस? फोटो पाठव' सुरू होते. मुलीकडचे कौतुकाने म्हणतात, 'जीव आहे हो त्याचा!'

हे येते कोठून? बाप केव्हा खवळेल याचा नेम नसलेल्या घरातले पोर दाराच्या कडीच्या आवाजावरून त्याची मर्जी ओळखावयास शिकते. सर्वांवर सतत नजर ठेवणे हाच त्याचा बचाव. मोठेपणी जिच्यावर जीव जडतो ती आपल्याला टाकून जाईल या भयाने तीच नजर तिच्यावर रोखली जाते. शिवाय आवाज चढविला की घर गप्प होते, हेही त्याने पाहिलेले असते. त्याच घरातली बहीण मात्र पहाऱ्यालाच माया समजू लागते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. रेव्हरंड टिळकांचे वडील कठोर आणि तापट; आई लहानपणीच गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. पुढे टिळकांचाही राग अनावर होई. न सांगता घर सोडून जाणे तर ठरलेलेच. एवढ्या एका कारणाने त्या थोर, उदार कवीचा सारा स्वभाव उलगडतो असे मी म्हणत नाही. पण बाई इतक्या हसतखेळत लिहितात की आपणही हसतो, आणि त्यांनी काय सोसले ते नजरेतून निसटते.

आता आपल्या प्रांताकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून छळ सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हेच प्रमाण २५.२ टक्के होते. ज्यांच्या आईने मार खाल्ला, त्यांच्याच वाट्याला तो अधिक येतो, हेही या पाहण्यांत दिसते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी असो की कॅम्पातील बंगल्यातली, कोणी सुटलेली नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पैशाची अडवणूकही छळात धरली आहे. १८१ क्रमांकावर मदत मिळते. परंतु कायदा येतो तो उशिरा, मुलगा मोठा झाल्यावर.

तत्पूर्वी काय? हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या विदुषींनी कित्येक दशके मागोवा घेतला. हलाखीच्या आणि भांडणाच्या घरांतलीही सुमारे एक तृतीयांश मुले चांगली निपजली. त्यांतल्या अनेकांना आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असे एखादे तरी भरवशाचे माणूस लाभले होते.

आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी मुले येतात. गुणपत्रिका पाहून आपण त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावतो. वधूवर सूचीत पत्रिका, उंची, पगार नोंदवितो. विश्वस्तांना माझी विनंती अशी, की आठवड्यातून दोन संध्याकाळी एका जाणत्या समुपदेशक बाईंची नेमणूक करावी. मुलांनी तेथे यावे, लग्न ठरलेल्या जोडप्यांनीही यावे. ग्रंथालयामागची खोली रिकामीच आहे, आणि तिला स्वतंत्र दार आहे. येणाऱ्याला कार्यालयातून जावे लागणार नाही.